आधी घेणारा शोधा, मग माळा उघडा

गेल्या वर्षी पुण्याच्या सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि आईचं घर रिकामं करायला चार महिन्यांची मुदत मिळाली. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि भिंतीएवढा लांब माळा. पहिल्याच शनिवारी मी आणि भावानं घाईघाईत अर्धा माळा उतरवला, एका टेम्पोवाल्याला साडेतीन हजार रुपये दिले आणि "सगळं घेऊन जा" म्हणून मोकळे झालो. मंगळवारी कालव्याच्या कडेनं जाताना कचऱ्याच्या ढिगावर बाबांच्या नावाची जुनी लाकडी पाटी दिसली. शेजारी आमच्याच गादीचा कापूस, फुटलेली लोणच्याची बरणी आणि शिलाई मशीनचं झाकण. मशीन लोखंडाच्या भावानं गेलं असणार. झाकणाला कुणी विचारलं नव्हतं.

पाटी घरी आणली, पुसली. आता ती भाड्याच्या घराच्या दाराला आहे. त्या दिवसापासून आम्ही एकच नियम पाळला: घेणारा ठरल्याशिवाय कुठलीही वस्तू दाराबाहेर काढायची नाही. उरलेले साडेतीन महिने त्या नियमानं घर रिकामं केलं. पुण्यात, मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत जुन्या इमारतींमधली कितीतरी घरं आज याच मुदतीला तोंड देत आहेत, म्हणून आमचा अनुभव सविस्तर सांगते.

आवराआवरीचा नेहमीचा सल्ला तीन ढिगांचा असतो. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. यातला मधला ढीग फसवा असतो. 'द्यायचं' म्हणून बाजूला काढलेल्या पिशव्या दोन महिने दिवाणाखाली राहतात आणि सामान हलवायच्या दिवशी टाकायच्या ढिगात जातात, कारण कुणाला द्यायचं हे ठरलेलंच नसतं. आणि टाकलेलं कुठे जातं? पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. मुंबईचं देवनार १९२७ पासून भरत आलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या वस्त्या कित्येक दिवस धुरात होत्या. आपल्या माळ्यावरचं ओझं कुणाच्यातरी वेशीवर जाऊन पडत असेल, तर त्याला आवरणं म्हणवत नाही.

म्हणून एक वही घ्या. डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर घेणारा. उजवं पान कोरं असेल, तर वस्तू जागच्या जागी राहू द्या आणि फोन करत राहा. कामाचा क्रमही उलटा करा. बहुतेक जण रद्दीपासून सुरुवात करतात, कारण ती सोपी. पण रद्दी तासाभरात जाते, शेवटच्या आठवड्यातही जाते. पुस्तकं, सागवानी फर्निचर, गाद्या, बाबांची चाकाची खुर्ची यांना घर मिळायला महिने लागू शकतात. ती आधी घ्या.

सगळ्यात आधी आजारपणातलं साहित्य. वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, काठ्या. बऱ्याच गावांत कुठल्यातरी मंडळाचं किंवा ट्रस्टचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं. ते नाममात्र भाड्यानं या वस्तू गरजूंना देतात. स्वच्छ धुऊन, स्क्रू-रबर तपासून द्या. बाबांची चाकाची खुर्ची केंद्रातून दुसऱ्याच दिवशी एका घरी गेली.

आईबरोबर काम करताना मला एक गोष्ट उशिरा कळली. मी प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायचे, "ठेवायचं की काढायचं?" आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "राहू दे गं." आठवडाभर हेच. मग एका दुपारी पितळी परात काढली आणि सहज विचारलं, "ही कुणाला देऊया?" आई थोडी थांबली. म्हणाली, "तुझ्या मामेबहिणीला दे. तिच्याकडे पुरणपोळीला माणसं फार असतात." त्या दुपारी अकरा वस्तूंना नावं मिळाली. घरातल्या मोठ्यांना विचारताना एवढा एक शब्द बदला. त्यांना खुर्चीत बसवा, चहानंतर दोन तास, एका वेळी एकच डबा समोर ठेवा. त्यांच्या माघारी काही काढू नका. एकदा तो विश्वास गेला की पुढे एक चमचाही हलत नाही.

भांड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे घाईत नुकसान होतं. तांब्या-पितळेचं भांडं दुकानदार वजनावर 'मोड' म्हणून घेतो. देण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, लोखंडी कड्या आणि मुठी वेगळ्या करा आणि वजन समोर उभं राहून बघा. पण त्याही आधी, ते भांडं खरोखर मोडीत घालण्यासारखं आहे का, ते पाहा. जाड बुडाचं पातेलं, घंगाळ, पाण्याचा बंब, जुना अडकित्ता यांना वस्तू म्हणून मोडीपेक्षा जास्त किंमत येऊ शकते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एक चक्कर मारली की अंदाज येतो. पोचा पडलेलं किंवा कड निखळलेलं भांडं कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा. तिथले कारागीर आजही तांब्यावर हातोडी चालवतात.

पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते म्हणून ती पातेली माळ्यावर गेली होती. कळकतं ते कल्हई गेल्यामुळे. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवतो. दोन मिनिटांत भांडं चांदीसारखं होतं. आम्ही चार पातेल्यांना कल्हई करून घेतली. दोन भावाकडे गेली, दोन माझ्याकडे. रोजच्या भातासाठी मी तीच वापरते.

स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. लग्नातले आहेर, बारशाची वाटी, कुणाच्यातरी साठीचा डबा. आई एकेक भांडं उजेडात धरून नाव वाचत गेली, आणि मी वहीत लिहीत गेले. त्यातली बरीच भांडी आम्ही देणाऱ्यांच्याच मुलाबाळांना परत दिली. "तुझ्या आजीनं १९७९ साली दिलेला डबा" असं सांगून दिलेली वस्तू कुणी नाकारत नाही. उरलेली तीस ताटं आणि पन्नास वाट्या गल्लीतल्या गणेश मंडळाला दिल्या. महाप्रसादाला आता थर्माकोलच्या डिशा आणाव्या लागत नाहीत. तुमच्या सोसायटीत असा ताटवाट्यांचा सामाईक संच नसेल, तर रिकाम्या होणाऱ्या घरांतूनच तो सहज उभा राहतो.

आता कपडे. यात सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि चांगल्या मनानं होतात. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तमिळनाडूत रस्त्याकडेला पडून राहिले होते. 'गूंज' संस्थेनं ते गोळा करून निवडले आणि कामाला लावले. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं, आपण मदत केली. नको असलेलं 'गरिबांना' देण्याची ही सवय मला खुपते. फाटकी, डागाळलेली, चेन तुटलेली पँट गरीब माणूस तरी का घालेल?

कुठला कपडा घालण्याजोगा आहे, हे बोहारणीइतकं कुणाला कळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाई दारात बसतात, साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधतात, शर्टाची कॉलर उलटून बघतात, चेन दोनदा ओढतात. त्या घेतात ते कपडे पुढे रफू होतात, धुतले जातात, इस्त्री होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात विकले जातात आणि कुणीतरी ते पैसे देऊन, आवडीनं घेतं. म्हणून आधी बोहारणीला बोलवा. घासाघीस फार करू नका. एका पातेल्यासाठी तिला केवढं ओझं डोक्यावर वाहावं लागतं ते बघा. तिनं जे नाकारलं, ते कपडा म्हणून संपलं असं समजा. ते दान म्हणून बांधू नका. त्याचं आता कापड झालं, आणि कापडाचे उपयोग वेगळे. एक सावधगिरी मात्र हवी: जुन्या शालूची, पैठणीची जर खरी असू शकते. ती आधी ओळखीच्या सराफाला दाखवा.

सुती साड्यांची गोधडी करा. आईच्या नऊ साड्यांच्या आम्ही दोन गोधड्या करून घेतल्या, एका बचत गटातल्या बायकांकडून. वर आणि खाली धड साड्या लागतात. विरलेल्या, फाटलेल्या आतल्या थरांत जातात. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मध्ये घालू नका, ते सरकतं, टाका धरत नाही आणि घामही शोषत नाही. साड्या शिवायला देण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढा, म्हणजे खळ जाते आणि आटायचं ते आधीच आटतं. धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात आत आत येतो. काठ फेकू नका, गोधडीच्या कडेला तेच लावतात. एका चांगल्या गोधडीला हातानं शिवायला कित्येक दिवस लागतात, तेव्हा मजुरी त्या हिशोबानं द्या. बाजारातल्या ब्लँकेटशी तिची तुलना करू नका.

बनियन, परकर, जुने पंचे यांची फडकी करा. उरतील ती गॅरेजवाला हात आणि यंत्र पुसायला आनंदानं घेतो. लोकरीचे स्वेटर वेगळे ठेवा. हरियाणात पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचा धागा पुन्हा कातून ब्लँकेटं बनतात, आणि जुने कपडे गोळा करणाऱ्यांकडून लोकर तिकडे पोहोचते. जुन्या चादरी, रग, टॉवेल प्राण्यांच्या निवाऱ्यांना लागतात, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत. आणि घरोघरी फिरणारे ते ब्लाऊजपीस! आईच्या कपाटात बासष्ट निघाले. एका पिसात भाजीची एक पिशवी होते. शिवून घेतल्या, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांचंच वाण दिलं. प्लॅस्टिकच्या डब्या-चाळण्या लुटून दुसऱ्यांची कपाटं भरण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

कापसाची गादी टाकू नका. पिंजाऱ्याकडे कापूस पुन्हा पिंजला की धूळ आणि गाठी निघून जातात, आणि एका जुन्या जाड गादीतून एक पातळ गादी व दोन-तीन उशा होतात. फोमच्या गादीला हा पुनर्जन्म नाही. नवी गादी घेताना हे लक्षात असू द्या.

कागद रद्दीत घालण्याआधी प्रत्येक ट्रंक तळापर्यंत बघा. आमच्या ट्रंकेत आजोबांच्या दप्तरात मोडी लिपीतले सहा कागद निघाले. आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हते. असे कागद कधीही रद्दीत देऊ नका, सेलोटेपनं चिकटवू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. साध्या कोऱ्या कागदात सपाट ठेवा. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं मिळवत होते, आणि त्यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह १९१० साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अशी कागदपत्रं आजही जपली जातात. मोडी वाचणारे जाणकार आता बऱ्याच शहरांत आहेत. आमचे कागद जमिनीच्या देण्याघेण्याचे निघाले. मोठा इतिहास त्यात नव्हता, पण पणजोबांच्या हातचं अक्षर होतं.

बाकीची रद्दी देताना वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा वेगळे बांधा. मिसळलेल्या रद्दीला भाव कमी येतो. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या लग्नपत्रिका रद्दीत चालत नाहीत. आधार, पॅन, बँकेच्या कागदांच्या झेरॉक्स फाडून रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी लगदा करून खताच्या कुंडीत मिसळा.

पुस्तकांसाठी आधी यादी करा, मग फोन. ग्रंथालयाच्या दारात पोती नेऊन टाकणं म्हणजे आपला माळा त्यांच्या माथी मारणं. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांकडे तुमच्या कादंबऱ्या बहुधा असतातच. लहान गावातल्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला किंवा शाळेला यादी पाठवा आणि त्यांना हवी तेवढीच निवडू द्या. पाठवायचा खर्च आपण करावा. पाठ्यपुस्तकं आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात घेतात, अभ्यासक्रम बदललेला नसेल तर. जुने दिवाळी अंक संग्राहकांना हवे असतात, पण पानं वाळवी लागलेली नसावीत.

देवांच्या तसबिरी पिंपळाखाली ठेवून किंवा नदीत सोडून येणं थांबवायला हवं. काच फुटते, पावसात कागद कुजतो आणि कुणाच्यातरी पायाखाली येतो. त्यात देवाचा मान कसला? अक्षता वाहून उत्तरपूजा करा आणि मग चौकट घरीच सोडवा. काच वेगळी, लाकूड वेगळं, खिळे वेगळे. साधा कागद असेल तर भिजवून झाडाच्या मातीत जिरवा. काही शहरांत अशा तसबिरी विधिपूर्वक स्वीकारणाऱ्या संस्था आहेत, चौकशी करा. देवघरातले चांदीचे टाक मात्र घरातल्याच कुणाकडे जावेत. आमचे भावाकडे गेले.

वीज आणि बॅटरीवर चालणारं काही भंगारवाल्याला देऊ नका. त्यातल्या तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून वस्तू कुठे जमा करायची ते विचारा, किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्या. फोनमधलं सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा, आतली माहिती पुसा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा. पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटला तर झाडू लावू नका. खिडक्या उघडा, थेंब जाड कागदानं एकत्र करून झाकणाच्या बाटलीत घाला. थर्मामीटर, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगाचे अर्धे डबे हा घातक घरगुती कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायला सांगितला. औषधं मोरीत ओतू नका.

फर्निचरचं थोडक्यात सांगते. सागवानाला सुतार मिळतो, पत्र्याच्या कपाटाला रंग दिला की ते आणखी वीस वर्षं चालतं, पाटा-वरवंट्याला टाकी लावली की गावाकडे कुणीतरी घेतं. उरलेल्या फरश्या गच्चीवर चायना मोझॅक करणाऱ्या गवंड्याला उपयोगी पडतात. पार्टिकल बोर्डचं फुगलेलं टेबल कुणी घेत नाही. फोम, थर्माकोल, मेलामाइनच्या चिरलेल्या प्लेटा, फुटक्या कपबशाही कुणी घेत नाही. आम्ही खूप प्रयत्न केला. शेवटी अशा वस्तूंची तीन पोती झाली. काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, कारण ते पुढे माणसाच्या हातांनीच निवडले जाणार आहेत.

त्या हातांबद्दलही लिहायला हवं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था. जुन्या कपड्यांपासून फर्निचरपर्यंत वस्तू गोळा करण्याची सोय त्यांच्याकडे आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं 'परिसर विकास'मधून कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम केलं आहे. तुमच्या दारी रोज येणाऱ्या ताईंना आधी विचारा. कुठली बाटली विकली जाते, कुठला डबा नाही, हे त्यांना पाहताक्षणी कळतं. आमच्या ताईंनी मला सांगितलं, "धुऊन वाळवून द्या, एवढंच करा. घाण लागलेल्याला भाव येत नाही." त्या दिवसापासून दुधाची पिशवीसुद्धा आम्ही धुऊन दोरीवर टाकतो.

आणि आवरायला म्हणून नवे प्लॅस्टिकचे खोके आणू नका. माळ्यावरच्या जुन्या ट्रंका पुरतात.

आमची वही आता ओळखीच्या एका काकूंकडे आहे. त्यांच्या घराची मुदत पुढच्या महिन्यात संपते. परवा त्यांचा फोन आला, कल्हईवाला अजून गुरुवारीच येतो का विचारायला. मी म्हटलं, "ते पान उघडा, कोपऱ्यात आईनं पेन्सिलनं लिहिलंय." त्यांनी वाचून दाखवलं: गुरुवारी, पण अकराच्या आत.